उजव्या खांद्याचा उतार

आम्ही कपडे शिवतो असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. खरं म्हणजे ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचा धंदा हा लपवण्याचा धंदा आहे. पाठीवरची वळी लपवायची, एक दंड दुसऱ्याहून जाड असतो तो लपवायचा, आणि मागच्या दिवाळीला बसलेला ब्लाऊज यंदा का चढत नाही, हे तर फारच जपून लपवायचं. शिवणीच्या आत जास्तीचं कापड मुडपून ठेवतात, त्याला आमच्यात माया म्हणतात. "कापड आटलं असेल हो," असं म्हणायचं आणि गुपचूप माया उसवायची. कापड इतकं आटलेलं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, पण गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं.

माझं दुकान विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आतल्या गल्लीत. लग्न होऊन यवतमाळहून आले तेव्हा नवरा कारखान्यात पाळ्या करायचा. तो झोपलेला असला की मशीनचा खडखडाट नको म्हणून मी गॅलरीत बसून शिवायचे, आणि त्या गॅलरीतूनच पुढे हे दुकान उभं राहिलं. बाकीचा इतिहास सांगत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. दुकानात मी आणि लताबाई. लताबाई मूळची लोहगावची, हूक, काजं आणि तुरपाई तिच्याकडे. दाराबाहेर बबनरावांची इस्त्रीची गाडी, आमचे सगळे कपडे त्यांच्या हातून जातात.

दुकानाच्या दोन रीती आहेत, त्या आधी सांगते. पहिली लेबलाची. तुरपाई झाली, इस्त्री झाली, कपडा माझ्या नजरेखालून गेला, की सगळ्यात शेवटी मानेच्या आत 'शारदा' असं विणलेलं लेबल मी स्वतः लावते. लेबल लागलं म्हणजे कपडा पास. लेबल नसेल तर त्यात काही तरी खोट आहे, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

दुसरी रीत मापांची. मापं मी मोठ्याने सांगते, लताबाई लिहून घेते. पण एखादं माप गिऱ्हाइकाच्या मनाला लागेल असं असेल तर ते मी तोंडाने उच्चारत नाही. गिऱ्हाइकाच्या पाठीमागून लताबाईला बोटं दाखवते. ही रीत मीच काढली आणि तिचा मला अभिमान होता.

ही बोटं सगळ्यात जास्त वेळा दाखवली ती जोगळेकर बाईंच्या पाठीमागे. बाई सदाशिव पेठेतल्या, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. कुणाच्या तरी ओळखीने एकदा इतक्या लांब आल्या आणि मग माझ्याकडेच येत राहिल्या. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला अडीच इंच खाली. पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे उजवा उघडाच राहतो आणि जगाला दिसतो. पहिल्या दिवशीच मी काही न बोलता त्या बाजूला आतून एक छोटी गादी बसवली, स्पंजची, अस्तरात शिवलेली. बाईंनी आरशात पाहिलं, "ठीक आहे," म्हणाल्या. बाईंचं 'ठीक आहे' म्हणजे आपल्याकडचा हारतुरा. त्यानंतर तीसेक वर्षं मी ती गादी लावत आले आणि त्या खांद्याविषयी आम्ही दोघी एक अक्षर बोललो नाही.

अशा या दुकानात दोन वर्षांपूर्वी केतकी आली. डिझाइन शिकलेली मुलगी, डोक्यावर अर्धे केस आणि पायात दोन रंगांचे मोजे.

"काकू, मला एक कलेक्शन करायचंय. अग्ली."

"म्हणजे?"

"कुरूप. मुद्दाम. ऑन पर्पज."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? या रस्त्याला ते काम न सांगता करणारे चार जण आहेत."

"तिघांकडे जाऊन आले, काकू. कुणालाच जमत नाही! मी कॉलर वाकडी काढून देते, ते सरळ करून देतात. वर सांगतात, मॅडम तुमचं ड्रॉइंग चुकलं होतं, आम्ही करेक्ट केलं."

मी हसले. तिने फोन काढला आणि एकामागून एक फोटो दाखवले. फिकट रंग, नाजूक फुलं, सगळं गोड. "हे बघा, सगळं सेम आहे. सगळं इतकं सुंदर झालंय की कुणी थांबून बघतच नाही. मला असा कपडा हवाय, की माणूस जाता जाता थबकला पाहिजे. वैतागला तरी चालेल."

मला तिचं म्हणणं तेव्हा काडीचंही पटलं नव्हतं. पण शिवणकामात कुणाला तरी काही तरी जमत नाही आणि ते मला जमतं का हे अजून मी पाहिलेलं नाही, ही गोष्ट मला सहन होत नाही. माझी सासू याला खोड म्हणायची. मी म्हटलं, "शिवीन. पण माझ्या नावाचं लेबल लागणार नाही."

तिचं तोंड उतरलं. तिला ते लेबल बाहेरून हवं होतं, छातीवर, ठळक. "हे कुणी तरी नीट शिवता येत असताना असं शिवलंय, हे कळायला पाहिजे ना!" मी म्हटलं, मला या गल्लीत राहायचंय.

पहिला कपडा म्हणजे एक सदरा. मी बाह्यांना चुण्या पाडल्या, गळा बोटभर वाकडा कापला, एक खिसा किंचित तिरका लावला. मला वाटलं, झालं, यात काय मोठंसं. केतकीने तो उलटसुलट करून पाहिला.

"काकू, हे अग्ली नाही वाटत. टेलरने वाट लावली असं वाटतंय."

शब्द झोंबला, पण खरा होता. तो सदरा पाहून त्या टेलरची कीव येत होती. त्याच सुमारास माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. सकाळी गिऱ्हाइकांचे ब्लाऊज सरळ शिवायचे आणि दुपारी तेच हात वाकडे चालवायचे. हात ऐकत नाहीत हो. मशीनखाली कापड सरकलं की डावा हात आपोआप ते ताणून धरतो, झोळ येऊ देत नाही. मी डावा हात मांडीखाली दाबून बसले तर लताबाई माझ्याकडे बघत राहिली.

हळूहळू गोम लक्षात आली. बोटभर वाकडं म्हणजे चूक. वीतभर वाकडं म्हणजे विचार. चूक नेहमी अंग चोरून उभी असते, तेव्हा अंग चोरायचं नाही. शिवण वाकडी न्यायची तर तिच्यावर भगव्या दोऱ्याने दुहेरी टीप मारायची, की बघ, मी इथून गेले आहे. आणि आतली बाजू मात्र लग्नाच्या शालूवरच्या ब्लाऊजपेक्षा स्वच्छ ठेवायची, एक धागा लोंबता कामा नये. माणूस कपडा उलटून बघतो आणि तेव्हा त्याला कळतं की बाहेरचं सगळं ठरवून केलंय. या कामाला जितका जीव लावावा लागला, तितका मला सरळ कामाला कधी लावावा लागला नव्हता.

कापडंही तशीच. मेंदीच्या हिरव्याशेजारी वांगी रंग, दवाखान्यातल्या बाकावर असतं तसं तपकिरी रेक्झिन. ते आम्ही हडपसरला गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडून आणलं. रेक्झिन मशीनच्या पायाला चिकटतं, पुढे सरकत नाही; टाल्कम पावडर फासली की निमूट चालतं. कॉलरसाठी केतकीला कांद्याच्या पोत्याची लाल जाळी हवी होती, म्हणून आम्ही दोघी मार्केट यार्डात गेलो. "किती पोती कांदा?" व्यापाऱ्याने विचारलं. "कांदा नको, नुसती पोती," मी म्हटलं. त्याने हमालाकडे पाहिलं, हमालाने माझ्याकडे. "मावशी, चांगली न्या की, ही फाटकी हायेत," तो हमाल कळवळून म्हणाला. केतकीला फाटकीच हवी होती. ती जाळी किती वेळा धुतली तरी दुकानाला महिनाभर कांद्याचा वास होता.

शेवटचा कपडा कोट. केतकीने चित्र काढलं होतं, कोटाचा उजवा खांदा खाली घसरलेला. "कोलॅप्स झाल्यासारखा," ती म्हणाली. किती घसरलेला, ते तिला सांगता येईना. मी खडू हातात घेतला आणि कापडावर रेघ ओढली. रेघ एका झटक्यात उतरली, काखेकडे कशी वळायची, पाठीवर किती कापड सोडायचं, सगळं हाताला पाठ होतं. ओढून झाल्यावर मी पाहिलं आणि खडू खाली ठेवला. तो जोगळेकर बाईंचा खांदा होता. इतकी वर्षं जो उतार मी गादीखाली बुजवत आले, तोच आता बाहेर काढून ठेवला होता.

पुसावी का रेघ? मी बराच वेळ विचार केला. पण ती रेघ चांगली होती. दुसरी ओढली असती तर ती पुन्हा कीव आणणारी झाली असती. मी कात्री घेतली.

मग झाला तो घोटाळा. प्रदर्शन तोंडावर आलं असताना मला भाचीच्या लग्नाला यवतमाळला जावं लागलं. शिवून झालेले सगळे कपडे खुंटीला होते, फक्त हूक आणि किरकोळ तुरपाई बाकी. मी परत आले तेव्हा दुकान लखलखत होतं आणि खुंटीवरचे कपडे ओळखू येत नव्हते. चुण्या वाफेने सपाट झाल्या होत्या. भगवी टीप उसवून हिरव्या दोऱ्याने सरळ घातली होती. एक बाही मुद्दाम गुडघ्यापर्यंत ठेवली होती, ती दुसरीच्या मापाने कापून टाकली होती. कोटाच्या उजव्या खांद्यात एक छान, मऊ गादी बसली होती.

माझा पारा असा चढला की विचारू नका. "हे कुणी केलं?"

लताबाई आणि बबनराव एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी लताबाई खाली मान घालून म्हणाली, "ताई, रागावू नगा. तुमच्या डोळ्याचं आपरेशन झाल्यापास्नं तुमचा हात चुकायला लागलाय. आमी दोगं रोज बगतोय. ती पोरगी मुद्दाम केलंय म्हनती, ते तुमचं मन राखायला, आसं वाटलं आमाला. तुमाला कसं सांगावं? तुमी त्यांना लेबल बी लावलं न्हवतं, म्हंजी तुमाला बी कळत हुतं, खोट हाय म्हून. मंग म्हटलं, तुमी गावाला हाय तवर निस्तरून टाकू. तुमचं नाव खराब व्हायला नको."

"मी आठ आठ वेळा इस्त्री मारली," बबनराव म्हणाले, "लई हट्टी चुन्या हुत्या."

मी खाली बसले. रडू आलं ते रागाचं की कशाचं, मला आजही सांगता येत नाही. ही दोन माणसं महिनाभर माझं म्हातारपण माझ्यापासून लपवत होती. माझीच विद्या होती ती.

केतकीला फोन केला. ती आली, तिने कपडे पाहिले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "इट्स ओव्हर, काकू," म्हणाली. मी म्हटलं, "ओव्हर काही नाही. रेक्झिन उरलंय का? असेल तर घेऊन ये. आणि येताना सगळ्यांना वडापाव आण."

मी लताबाईला समोर बसवलं आणि आधी लेबलांची डबी उघडली. ज्या कपड्यांच्या दुरुस्तीला अजून हातही लावला नव्हता, त्यांच्या समोरच्या बाजूला, छातीवर, मी एकेक लेबल हाताने शिवलं. लताबाई बघत राहिली. "लेबल आदी?" "आधी. आता सांग, हा कपडा कसा आहे?" "पास हाय," ती पुटपुटली. "मग आता या पास झालेल्या कपड्याला पुन्हा वाकडं करायला मला मदत कर."

तिला ते पटलं. म्हणजे कुरूपपणा पटला नाही, तो तिला आजही पटत नाही, पण लेबल पटलं. तिने भगवी टीप पुन्हा घातली आणि पहिल्यापेक्षा जास्त निगरगट्ट घातली. बबनरावांनी कोळशाच्या इस्त्रीने चुण्या बसवून दिल्या, अशा की धुतल्या तरी जाणार नाहीत. कापलेली बाही परत येणार नव्हती, तिला आम्ही कांद्याच्या जाळीचा जोड दिला आणि ती आधीपेक्षा वाईट, म्हणजे चांगली झाली. कोटातली गादी मी स्वतः उसवून काढली.

प्रदर्शन एका छोट्या कलादालनात होतं. केतकीने त्याचा कागद माझ्या दुकानाच्या दारावर चिकटवला होता, आणि भिंतीवर काही लिहिलेलं असलं की ते शेवटपर्यंत वाचून त्यातल्या चुका काढणाऱ्या बाई माझ्या गिऱ्हाइकांत एकच आहेत. मला ते सुचायला हवं होतं. एक गृहस्थ केतकीला विचारत होते, "हे शिवून झालंय, की चालू आहे?" मी कोपऱ्यात उभी राहून हसत होते आणि तेवढ्यात दारातून जोगळेकर बाई आत आल्या.

कोट समोरच होता. सरळ खांद्यांच्या पुतळ्यावर तो वाकडा, घसरलेला, बघणाऱ्याला अस्वस्थ करणारा. बाई एकेक कपडा बघत बघत त्याच्यासमोर आल्या आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग केतकीकडे वळल्या.

"हा अंगात घालून बघता येतो का?"

केतकीने कोट उतरवून दिला. बाईंनी तो पातळावरच चढवला. आणि कोट सरळ झाला. पुतळ्यावर जे कापड लोंबत होतं, ते बाईंच्या खांद्यावर अलगद टेकलं, पाठीवर एक सुरकुती राहिली नाही. खांदा होता तसा खाली होता, स्पष्ट दिसत होता, आणि कोट त्याच्यासाठी जन्मल्यासारखा बसला होता.

"ओ माय गॉड!" केतकी म्हणाली.

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी छातीवरचं लेबल वाचलं आणि मान वळवून मला बरोबर कोपऱ्यात शोधलं. "शारदाबाई, हे कापताना माप कुणाचं घेतलंत?"

"तुमचं."

"विचारलं नव्हतंत."

"नाही."

"हं," बाई म्हणाल्या, कोट काढला, घडी घालून केतकीच्या हातात दिला आणि निघून गेल्या.

प्रदर्शन कसं झालं हे लोक मला विचारतात. चांगलं झालं. केतकीला पुढची कामं मिळाली, तिचा कोट एका तरुण मुलाने घेतला, त्याला तो वाकडाच बसतो आणि त्याला तसाच आवडतो. मला मात्र त्यातलं फारसं आठवत नाही. घरी येताना माझ्या डोक्यात ते 'हं' होतं. पुण्यातली माणसं रागावली तर बोलतात; बोलली नाहीत तर संपलं. मी धरून चालले की बाई आता यायच्या नाहीत. त्यांच्यासाठी ठेवलेला स्पंजचा तुकडा मी खणात मागे ढकलून दिला.

बाई आल्या. पावसाळा संपल्यावर, हातात दोन ब्लाऊजपीस घेऊन, नेहमीसारख्या.

"मापं नव्याने घ्या," म्हणाल्या.

बाईंना आरशासमोर उभं केलं. मी मागे, लताबाई स्टुलावर पेन्सिल घेऊन. छाती सांगितली, कंबर सांगितली, बाहीची उंची सांगितली. उजव्या खांद्यावर टेप धरली आणि सवयीने माझा डावा हात बाईंच्या पाठीमागे वर गेला, दोन बोटं सरळ, तिसरं अर्धं मुडपलेलं.

"शारदाबाई, बोटं खाली घ्या," आरशात बघत बाई म्हणाल्या. "समोर आरसा आहे. मला दिसतात. पहिल्या दिवसापासून दिसतात."

लताबाईची पेन्सिल थांबली. बबनरावांची इस्त्रीसुद्धा थांबली.

"तुम्हाला ते बोलायला अवघड जातं, हे माझ्या लक्षात आलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मीही कधी विषय काढला नाही. लहानपणी चिंचेवरून पडले होते. हाडवैद्याने बसवला तसा बसला. त्याचं मला काही नाही. पण तुमच्या त्या गादीने उन्हाळ्यात जो घाम येतो ना, तो तुम्ही एकदा सोसून बघा."

"मग कधी म्हणाला का नाहीत?" मी टेप खाली घेत विचारलं.

"तुम्ही इतक्या मायेने लावत होतात. आता माप सांगा. मोठ्याने."

मी टेप पुन्हा धरली.

"उजवा खांदा," मी म्हटलं, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात, "उतार अडीच."

लताबाईने लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून तिने विचारलं, "आन् गादी?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.